आजी भाजी निवडताना पण भजन का म्हणते?

मनू बाळा,

काल व्हॉट्सअॅपवर तू विचारलंस की बाबा, चर्च रविवारी संपतं ना, मग आजी सोमवारी भांडी घासताना, भाजी निवडताना पण प्रभूची भजनं का म्हणत असते, आणि नगरच्या चर्चमध्ये टाळ-तबला कसा काय. उत्तर टाइप करायला घेतलं आणि लांबतच गेलं, म्हणून हे पत्रच समज.

टाळांचं आधी सांगतो. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ला आले, नगरला १८३१ला पोचले, त्यांच्या चालींवरची गीतं आपण अजूनही म्हणतो, पण खरं सांगू का, काम करताना आजीच्या तोंडी ती कधी येत नाहीत. येतात ती ना. वा. टिळकांची. टिळक कोकणातल्या ब्राह्मण घरातले, कवी माणूस, १८९५ला बाप्तिस्मा घेतला आणि तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचे. मग लिहिणार काय, अभंग आणि भजनंच! बायका दळताना आणि वारकरी चालताना जे म्हणायचे त्याच वळणाचं, त्याला ऑर्गन लागत नाही की पुस्तक उघडावं लागत नाही. आजीचं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक चाळून बघ, टिळकांचं नाव सारखं सापडेल.

आता रोज कशाला, ते. आजी तुला केडगावला नेणार आहे ना (नगरजवळचं नाही हं, दौंडकडचं), तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७च्या दुष्काळात उपाशी मुली-बायकांना त्यांनी तिथे आणलं आणि नुसतं प्रार्थनेला नाही बसवलं, शेती, विणकाम, छापखाना सगळं शिकवलं. बाई स्वतः हिब्रू-ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणत होत्या, कारण आधीची भाषा या मुलींना जड जायची, आणि छपाईचे खिळे जुळवून ते छापणाऱ्या पण या मुलीच. १९२२ला बाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. आता तूच सांग, तिथे उपासना कुठे संपली आणि काम कुठे सुरू झालं?

आणि टिळकांच्या बायको, लक्ष्मीबाई. सोवळं कडक, नवरा ख्रिस्ती झाला म्हणून काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग हळूहळू कुणाच्याही हातचं पाणी चालायला लागलं आणि १९००ला बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आधी पाणी, मग बाप्तिस्मा. आपल्यात काही जणांचं अजून उलटं आहे, रविवारी टाळ जोरात आणि लग्न जमवायची वेळ आली की मूळची जात कोणती ते हळूच विचारायचं, मला ते अजिबात पटत नाही, मोठी झालीस की तुलाही दिसेलच. आजी तसली नाही. कामाला येणाऱ्या मावशी आजीच्या शेजारी बसून आपल्या घरच्याच कपातून चहा पितात ना, ते पण भजनातच धर.

जेवणाआधी आजी म्हणाली आज प्रार्थना तू कर, तर लाजू नको, मोडक्यातोडक्या मराठीत चालते. आणि जमलं तर चर्चमधल्या तबलावाल्या दादांकडून एखादा ठेका शिकून ये, इथल्या आपल्या मराठी उपासनेत सध्या मीच टेबल बडवतोय आणि लोक वैतागलेत.

तुझा बाबा