ईबुक घेण्याआधी अटी वाच

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. कमिटी म्हणतेय की तरुण सभासद गळायला लागलेत, तर आता ईबुकं सुरू करा, आणि तुझा बेत असा की दोन किंडल (अमेझॉनची ईबुक वाचायची यंत्रं) घ्यायचे, लायब्ररीच्या अकाउंटवर पुस्तकं भरायची आणि सभासदांना आठवडा आठवडा घरी द्यायचे. कमिटीपुढे हे मांडायच्या आधी माझं थोडं ऐक, कारण हे एकदा सुरू झालं की निस्तरायला तूच असणार आहेस.

छापील पुस्तक आपण विकत घेतो, दाखल नोंदवहीत चढवतो, शिक्का मारतो, की ते आपलं झालं. मग ते कुणाला द्यायचं, किती वेळा द्यायचं हे प्रकाशक विचारायला येत नाही, पानं सुटली तर बाइंडरकडे द्यायचं, विषय संपला. ईबुकचं तसं नाहीये, तिथे आपल्याला फक्त वापरायचं लायसन्स मिळतं, आणि किंडल स्टोअरचं लायसन्स तर वैयक्तिक वापरापुरतंच असतं, अटींमध्ये तसं सरळ लिहिलंय. त्यामुळे तो बेत सोडूनच दे.

अमेरिकेत लायब्रऱ्या ओव्हरड्राइव्हसारख्या कंपन्यांमार्फत रीतसर ईबुकं देतात, पण तिथेही दोरी प्रकाशकाच्याच हातात. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने अट घातली की एक ईबुक २६ वेळा दिलं की लायसन्स संपलं, पुढे द्यायचं तर परत पैसे भरा. २०१९ मध्ये मॅकमिलन हे दुसरे प्रकाशक म्हणाले की नवीन पुस्तक आलं की पहिले ८ आठवडे लायब्ररीला एकच प्रत मिळेल, मग शहर केवढंही असो. तेव्हा बऱ्याच लायब्रऱ्यांनी त्यांची ईबुकं घेणंच थांबवलं, आणि मार्च २०२० मध्ये तो नियम मागे घेतला गेला. म्हणून म्हणते, कुठलीही कंपनी पॅकेज घेऊन आली की आधी विचार, वर्गणी थांबवली तर आमच्याकडे काय उरेल? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर तो खर्च पुस्तक खरेदीत धरू नकोस, भाडं म्हणून धर, आणि कमिटीलाही तसंच सांग.

आता मला खरं जे सांगायचंय ते. मराठीत चित्र वेगळं आहे. २०१६ च्या शेवटी किंडलवर मराठी आलं, आणि आज लेखक प्रकाशकाकडे न जाता स्वतःच पुस्तक टाकतो, ई साहित्य प्रतिष्ठानसारखे लोक तर कितीतरी वर्षं मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फुकट वाटतायत. छान आहे हे सगळं. पण ही पुस्तकं जपून कोण ठेवतंय? छापील पुस्तकासाठी १९५४ चा कायदा आहे, प्रकाशकाने ३० दिवसांत ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची, आपल्या मुंबईत ती टाउन हॉलच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाते. तो कायदा छापलेल्या पुस्तकाचाच विचार करतो. म्हणजे एखादी कादंबरी फक्त फाइल म्हणूनच निघाली आणि लेखकाचा लॅपटॉप बिघडला, वेबसाइट बंद पडली, की ती गेलीच समज. १९५०-६० च्या दशकांत मुंबईत कवींनी सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढून, लघुअनियतकालिकं (जमेल तेव्हा निघणारी छोटी मासिकं) काढली, आज त्यांच्या मूळ प्रती बघायला मिळणं किती अवघड झालंय! तसं परत व्हायला नको गं.

बेस्टसेलर कुठेही मिळतात, त्यासाठी आपल्या वाचनालयावर कुणाचं अडत नाही. आपल्याकडे असायला हवं ते इथलं. गिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाने स्वतःच्या पैशाने छापलेलं आत्मचरित्र, चाळीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका, कोकणातल्या गावाच्या मुंबई ग्रामस्थ मंडळाचा सुवर्णमहोत्सवी अंक. असलं पुस्तक देणगीत आलं की लोक बाजूला ठेवतात, कारण नोंद करायला कटकट असते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, नसतो, प्रकाशक म्हणून लेखकाच्या बायकोचं नाव आणि बोरिवलीच्या फ्लॅटचा पत्ता, प्रकाशन वर्ष कुठेच नाही. अशा वेळी मनोगताच्या शेवटी तारीख असते ती बघ, मुद्रकाचं नाव उतरवून घे, आणि लेखकाला सरळ फोन लाव, फार आनंदाने सांगतात सगळं. पुढच्या पुस्तकाला आयएसबीएन घ्या म्हणावं, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून तो ऑनलाइन फुकट मिळतो, पुष्कळ लेखकांना हे माहीतच नसतं.

आणि फोनवर आहेस तोवर फाइलही मागून घे. इथे एक गोष्ट नीट बघायची, फाइल युनिकोडमध्ये आहे का, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर किंवा फोनवर मराठी अक्षर मराठीच राहतं त्या पद्धतीत. जुन्या डीटीपीवाल्यांनी श्रीलिपीसारख्या फॉण्टमध्ये पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरवर काम केलेलं असतं, ती पीडीएफ दिसायला सुरेख दिसते पण त्यातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केलीस तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं पडतात, म्हणजे त्यात शब्द शोधता येत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडची तिकडे होते, एकदा मुद्रितशोधन करावंच लागतं. कॉलेजची मुलं यायला तयार असतील तर हे काम त्यांना दे. तरुण सभासद हवेत ना कमिटीला? मग त्यांना टॅब्लेट दाखवण्यापेक्षा हे काम दाखव.

स्कॅनिंगबद्दल विचारलंयस. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला सूट आहे, आपल्याकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. जतनासाठी, हं. ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही, सभासदांनी कितीही मागितली तरी. वाचायला द्यायची तर लेखकाची लेखी परवानगी हवी, आणि ती साध्या मराठीत असू दे: फाइल लायब्ररीकडे कायम राहील, एका वेळी किती जणांना द्यायची, घरी की लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवरच, आणि लेखकाच्या पश्चात हक्क कुणाकडे जातील. हा शेवटचा मुद्दा विचारायला संकोच वाटतो, तरी विचार, नाहीतर वीस वर्षांनी वारस शोधत फिरावं लागतं आणि पुस्तक तसंच कपाटात पडून राहतं. प्रत्येक फाइलच्या दोन प्रती ठेव, दुसरी हार्डडिस्क लायब्ररीच्या बाहेर, आपल्याकडे पावसाळ्यात काय होतं ते तुला सांगायला नको.

कमिटीकडे पहिल्या वर्षी फार मागू नकोस, एक बरा स्कॅनर, दोन हार्डडिस्क आणि देणगीतल्या स्थानिक पुस्तकांसाठी वेगळं कपाट एवढंच माग. परवानगीपत्राचा मसुदा तू लिही आणि मीटिंगच्या आधी मला पाठव, मी वाचून देते.