वजन नॉर्मल असून फास्टिंग इन्सुलिन जास्त आलंय, याने मायटोकॉन्ड्रिया खराब होतात का?

"वजन नॉर्मल" वाचलं आणि राहवलं नाही. आमचा दादा वर्षानुवर्षं हेच म्हणायचा. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे, आई-बाबा दोघांनाही शुगर, आणि मी टेस्टसाठी मागे लागले की म्हणणार, जाड्या माणसांना सांग. शेवटी पुण्याच्या केईएमच्या डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला फोटो दाखवला, त्यात ते स्वतः आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तेव्हा कुठे लॅबमध्ये गेला. शुगर काठावर, फास्टिंग म्हणजे उपाशीपोटी मोजलेलं इन्सुलिन भरपूर.

मग दोनदाच जेवण सुरू केलं, ते नेटाने पाळतो, मान्य. पण दीक्षित सरांच्या त्याच प्लॅनमध्ये ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं आहे, ते साफ सोडून दिलंय. वर म्हणतो इन्सुलिन खाली आणलं ना, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, आपोआप सुधारतील. गणपतीत यावरून सगळ्यांसमोर वाजलं आमचं.

आपोआप नाही सुधारत. इन्सुलिन सतत वर असलं की चरबी जाळणं दबून राहतं, म्हणून दोन जेवणांत अंतर हवं, इथवर दादा बरोबर. पण मायटोकॉन्ड्रिया वाढतात ते स्नायूला काम पडलं की, संशोधक हॉलोझींनी १९६७ मध्येच उंदीर पळवून दाखवलं होतं, स्नायूंमधली मायटोकॉन्ड्रियाची एन्झाइम्स जवळपास दुप्पट झाली. शिवाय चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतो.

इन्सुलिनमुळे मायटोकॉन्ड्रिया बिघडतात की उलट, हे मात्र सरळ नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठवाल्यांना २००४ मध्ये डायबेटिक आईवडिलांच्या सडपातळ पण इन्सुलिन रेझिस्टंट (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही अशा) तरुण मुलांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाचं काम ३० टक्के कमी दिसलं, आणि २००८ मध्ये मेयो क्लिनिकच्या अभ्यासात भारतीयांमध्ये रेझिस्टन्स असूनही ते गोऱ्या अमेरिकनांपेक्षा चांगलं निघालं. त्यामुळे एका रिपोर्टवरून "खराब झाले" म्हणून घाबरू नका, पण वजनाच्या भरवशावर बसूही नका. आणि हो, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता जेवण गाळू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

दादा हे वाचणार आहेच. जेवण दोनदाच ठेव, पण जेवून उठलास की सोफा नको, वहिनीला घेऊन सारसबागेपर्यंत चालत जा. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, पत्ते खेळायला तिसऱ्या मजल्यावर जिन्यानेच जातोस.