वाचक विचारतात : अरब जगाचा अभ्यास करायचा तर…

प्रश्न : राज्यशास्त्रात बीए झालं आहे. समकालीन अरब राजकारणात एमए करायचं आहे, पण अरबी अजिबात येत नाही. अर्ज कुठे करू? (सातारा)

आधी भाषेच्या वर्गात जाऊन बसा, अर्जाचं नंतर पाहू. अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषाशाळा इंग्रजी बोलणाऱ्याला कामापुरती अरबी यायला ८८ आठवडे, म्हणजे २२०० तास धरते. एमएला आठवड्याचे पाच तास आणि वर्षाचे तीस आठवडे धरले तरी दोन वर्षांत ३०० तासच भरतात. म्हणून शून्यापासून आलेला विद्यार्थी प्रबंध लिहितानाही इंग्रजी भाषांतरांवरच भागवतो. आणि भाषांतर त्याच मजकुराचं होतं ज्यात बाहेरच्यांना रस असतो.

ऑक्सफर्डचा दोन वर्षांचा एमफिल नवशिक्यांना भाषेसकट घेतो. जॉर्जटाउनच्या समकालीन अरब अध्ययन केंद्रात (स्थापना १९७५) अरबीची प्रावीण्य परीक्षा पार केल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. तिथल्या सरकारी भाषाशिष्यवृत्त्या मात्र अमेरिकी नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच मिळतात, त्यामुळे पैशांचं गणित त्या धरून मांडू नका. बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात इंग्रजीवर चालतं. कतारच्या दोहा इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणंच मुख्यतः अरबीतून. जेएनयूत अरबी भाषा एका स्कूलमध्ये आणि पश्चिम आशियाचं राजकारण दुसऱ्यात. कुठल्याही दाराने गेलात तरी दुसरी बाजू स्वतःच भरून काढावी लागते. ब्रिटनमधला एक वर्षाचा एमए थोडीफार अरबी येणाऱ्यालाच लाभतो.

आणि शिकताना आधी लेखी अरबी, म्हणजे फुसहा. मग एकच बोली, ज्या देशावर काम करायचं तिथली. इजिप्शियन आणि शामी (सीरिया-लेबनॉनकडची) दोन्ही एकदम धरणाऱ्यांची खिचडी होते.

प्रश्न : 'अरब स्प्रिंग आणि लोकशाही' हा विषय मार्गदर्शकांनी परत पाठवला. चुकलं काय? (नागपूर)

आकार चुकला. अरब लीगचे २२ सदस्य देश. ट्युनिशियात २०११ च्या उठावात जे घडलं त्याचा बहरीनमधल्या उठावाशी सांधा जुळवताना पहिली ऐंशी पानं जातील. एक देश, एक गोष्ट, आणि कागदोपत्री माग निघेल असा काळ घ्या.

उदाहरणार्थ इजिप्तची सरकारी भाकरी, ऐश बलदी. जानेवारी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या सरकारने अनुदानं कापली, १८ आणि १९ तारखेला शहरं पेटली आणि निर्णय मागे घ्यावा लागला. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून भाकरीचा भाव पाच पियास्तरवर (पियास्तर म्हणजे इजिप्शियन पौंडाचा शंभरावा भाग) वर्षानुवर्षं गोठून राहिला. जून २०२४ मध्ये तो वीस झाला. मधल्या काळात नुसता भाव पाहणाऱ्याला काहीच घडलेलं दिसत नाही. पण ऑगस्ट २०२० मध्ये भाकरीचं वजन ११० ग्रॅमवरून ९० वर आणलं होतं! २०११ च्या उठावातल्या घोषणेत स्वातंत्र्याच्या आधी 'ऐश', म्हणजे भाकरी, का होती, हे इथून समजायला लागतं. सरकार आणि जनता यांच्यातला अलिखित करार तपासायला एवढी भाकरी पुरे.

प्रश्न : जुनी अरबी वृत्तपत्रं वाचताना तारखा आणि संदर्भ सतत चुकतात. (पुणे)

मराठी माणसाची पहिली ठेच अंकांवर. मश्रिकच्या, म्हणजे इजिप्तपासून पूर्वेकडच्या, छपाईत पाचाचा अंक आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. सहा हा इंग्रजी साताच्या वळणाचा. घाईत वाचलं की १९५६ चं १९०७ होतं. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात युरोपीय अंक चालतात, तिथे ही अडचण नाही.

दुसरी ठेच महिन्यांची. कैरोत जानेवारीला 'यनायर', बैरुत-दमास्कसमध्ये 'कानून अस-सानी'. 'कानून अल-अव्वल' म्हणजे डिसेंबर, त्यामुळे अव्वल-सानीत गफलत झाली की वर्षही चुकतं. 'तिश्रीन'चीही अशीच जोडी आहे, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. सौदी पत्रांवर हिजरी तारीख असते. ती बदलून घेतलीत तरी मूळ तारीख टिपणात ठेवा.

तिसरी ग्रंथालयाच्या कॅटलॉगची. १९७८ पासून लंडनहून निघणाऱ्या दैनिकाचा उच्चार 'अश-शर्क अल-अवसत', पण रोमन लिप्यंतरात नोंद 'अल-शर्क' अशी असते. 'अश' टाकून शोधलंत तर अंक नाहीतच असं वाटेल. माणसांची नावंही 'जमाल' आणि 'गमाल' दोन्ही रूपांत शोधा. कोशात शब्द धातूखाली असतो : 'मुस्तश्फा' (रुग्णालय) 'म'मध्ये सापडणार नाही, 'श-फ-य' उघडा.

प्रश्न : पर्यटक व्हिसावर कैरोला जाऊन मुलाखती घेतल्या तर? (ठाणे)

नको. इजिप्तमध्ये सर्वेक्षणाला सरकारी सांख्यिकी संस्थेची परवानगी लागते. केंब्रिजचा संशोधक जुलिओ रेजेनी तिथे कामगार संघटनांवर काम करत होता. जानेवारी २०१६ मध्ये बेपत्ता झाला आणि फेब्रुवारीत छळाच्या खुणांसह त्याचा मृतदेह सापडला. २०१८ मध्ये संयुक्त अरब अमिरातींनी ब्रिटनच्या डरहम विद्यापीठातला संशोधक मॅथ्यू हेजेस याला हेर ठरवून जन्मठेप दिली. काही दिवसांनी माफी मिळाली. लोकमत हवं असेल तर 'अरब बॅरोमीटर' या सर्वेक्षणाची २००६ पासूनची माहिती फुकट उतरवता येते. प्रश्नावली मात्र अरबीतलीच वाचा.

प्रश्न : परदेशी जाणं जमणार नाही. इथे राहून काही होईल का? (रत्नागिरी)

होईल, आणि चांगलं होईल. येमेनचं एडन बंदर १८३९ ते १९३२ मुंबई सरकारकडे होतं, आखातातली ब्रिटिश रेसिडेन्सी (ब्रिटिश प्रतिनिधीचं कार्यालय) १८७३ पर्यंत. त्या कागदांसाठी मुंबईच्या पुराभिलेखागारात जाताना विभागाचं शिफारसपत्र न्या. ब्रिटिश दप्तरातले आखाताचे कागद कतार डिजिटल लायब्ररीवर घरबसल्या दिसतात. विसाव्या शतकातलं काही हवं असेल तर गल्फ रुपया, म्हणजे आखातात चालणारा भारताचा वेगळा रुपया, घ्या : सोन्याच्या चोरट्या आयातीला आळा घालायला तो १९५९ मध्ये निघाला, आणि भारतीय रुपयाच्या १९६६ च्या अवमूल्यनानंतर तोवर तो वापरणाऱ्या बहुतेक अमिरातींनी सोडला. त्यावर अरबी बाजूने लिहायला मराठीत पुष्कळ जागा मोकळी आहे.