'अतिशीतित' की 'अतिशीत'? आणि हिमकेंद्रकातलं 'केंद्रक' कुठे असतं?

प्रश्न असा होता: शून्याखालीही न गोठलेल्या ढगातल्या थेंबांना 'अतिशीत' म्हणायचं की 'अतिशीतित'? आणि त्यांना गोठवणारा कण 'हिमकेंद्रक', तर तो थेंबाच्या मधोमधच असतो का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. 'अतिशीत' वाचलं की 'फार थंड' असंच वाटतं. पण उणे ५ अंशांचा द्रव थेंब या वर्गात बसतो आणि उणे ३० अंशांचा बर्फ बसत नाही. हा 'अति' 'अतिक्रमण'मधला, हद्द ओलांडणारा. गोठणबिंदूच्या खाली नेलेलं, तरी अजून पाणीच. त्यातलं 'नेलेलं' हे '-इत'मुळे कळतं, म्हणून माझं मत 'अतिशीतित'ला. जीभ अडखळते, हे कबूल.

'केंद्रका'त खरी गोम आहे. अणू आणि पेशी शिकल्यापासून केंद्रक म्हणजे आतला गाभा, हे डोक्यात पक्कं बसलेलं. ढगात मात्र कण थेंबात बुडालेला असतो तसाच कधी बाहेरून नुसता टेकतो, आणि तेवढ्यानंही थेंब गोठू शकतो. गार पाण्यातले रेणू अधूनमधून बर्फासारखे रचले जातात, पण तो पुंजका इतका चिमुकला असतो की लगेच विस्कटतो. शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहतात ते यामुळेच. कणाचा पृष्ठभाग त्या रेणूंना आधार देतो, पुंजका तगतो, आणि एका आकारापुढे गेला की मग वाढतच सुटतो. आधार जितका सोयीचा, तितकी कमी थंडी पुरते. 'स्यूडोमोनास सिरिंजी' या जीवाणूला तर उणे २ अंशही चालतात. सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकातली मांडणी बर्फाशी मिळतीजुळती असते. हे हेरून बर्नार्ड व्हॉनेगट या शास्त्रज्ञानं १९४६ मध्ये थेंब गोठवायला ते वापरून पाहिलं.

मग 'केंद्रका'ऐवजी 'बीज' बरं का? ढगात असे कण सोडण्याला 'मेघबीजन' हा शब्द रुळलाच आहे. पण बी स्वतः उगवतं, हा कण होता तसाच राहतो. त्याच वर्षी व्हिन्सेंट शेफर यांनी ढगात टाकलेला कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) तर त्या अर्थानं बीही नव्हे. उणे ७८ अंशांचा तो गोळा भोवतालची हवा इतकी गार करतो की कणाची गरजच उरत नाही. तरी त्यालाही आपण बीजनच म्हणतो!

मला इथे भारतीय दर्शनांतली जोडी आठवते. घड्याला माती हे उपादान आणि कुंभार हे निमित्त. तसं थेंबातलं पाणी उपादान, कण निमित्त. 'हिमनिमित्त' असा शब्द पाडा असं माझं म्हणणं नाही. लिहिताना केंद्रकच लिहा, समजावताना मात्र 'गोठायला निमित्त लागतं' म्हणून बघा. अशा ढगात विमान शिरलं की थेंब पंखावर आदळून तिथेच गोठतात. त्या पंखाला केंद्रक म्हणायला जीभ रेटणार नाही, निमित्त म्हणायला रेटते.