व्हीलचेअर वाटप सोडून दिव्यांगांच्या संस्था नक्की काय काम करतात?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या ऑफिसला दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला देणगी द्यायची आहे, त्यांच्या माहितीपत्रकात पुनर्वसन आणि समावेशन असे मोठमोठे शब्द आहेत पण फोटो सगळे व्हीलचेअर वाटपाचेच, मग त्यापलीकडे खरंच काही काम असतं का आणि ते बाहेरच्याने ओळखायचं कसं. शंका रास्त आहे. मी अशाच एका संस्थेत फिजिओ आहे आणि वाटपाच्या कार्यक्रमांवर माझा थोडा रागच आहे, तो उत्तरात दिसेल, सांभाळून घ्या.

व्हीलचेअरपासूनच सुरू करू. मणक्याला मार लागून कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला कुठलीतरी एक खुर्ची दिली तर काय होतं? आपण एकाच जागी बराच वेळ बसलो की अवघडतो आणि नकळत जरा सरकतो. त्याला ते अवघडणं जाणवतच नाही, त्यामुळे बसायच्या हाडांखालची कातडी दाबलेलीच राहते, आधी लाल चट्टा, मग जखम, मग इन्फेक्शन, आणि हे जिवावर बेतू शकतं बरं का, मी अतिशयोक्ती करत नाहीये. म्हणून खुर्ची देताना कुशन तपासावी लागते. पद्धत एकदम साधी आहे, माणूस बसलेला असताना त्याच्या बसायच्या हाडाखाली, कुशनच्या वर, आपली बोटं सरकवायची. बोटांची टोकं वरखाली हलवता आली तर ठीक. हलत नाहीत पण सहज बाहेर निघतात, तर सावध राहायचं. आणि चिमटल्यासारखी घट्ट अडकली तर ती कुशन त्या माणसाला चालणार नाही, मग ती कितीही महागाची असो. शिवाय सीट रुंद असेल तर माणूस एका कुशीला कलतो आणि हळूहळू पाठ वाकडी होते, फुटरेस्ट जास्त वर असेल तर मांड्या उचलल्या जाऊन सगळा भार परत त्याच हाडांवर येतो.

हे माझ्या मनाचं नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये व्हीलचेअर सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात आठ टप्पे दिलेत. नोंदणी, तपासणी, कुठली खुर्ची ते ठरवणं, पैशांची सोय आणि ऑर्डर, खुर्ची तयार करणं, फिटिंग, वापरायचं ट्रेनिंग आणि शेवटी फॉलोअप व दुरुस्ती. स्टेजवरच्या कार्यक्रमात यातलं काय होतं ते तुम्हीच बघा. एका नंबरचे चष्मे हॉलभर वाटले तर लोक हसतील, खुर्च्यांना मात्र टाळ्या पडतात.

कृत्रिम पायाचंही तेच. पाय कापल्यावर उरलेला भाग पहिले काही महिने आकसत जातो, म्हणजे आज घट्ट बसलेला सॉकेट (कृत्रिम पायाचा तो कप, ज्यात उरलेला भाग बसतो) नंतर ढिला होतो, मग आत जाड मोजे घाला, तेही पुरेनासे झाले की नवा सॉकेट. लहान मूल असेल तर ते वाढतं, त्याला परत परत नवा लागतो. त्यामुळे पाय देणं ही सुरुवात असते आणि वर्कशॉप माणसाच्या आवाक्यात नसेल तर तो पाय काही दिवसांनी कोपऱ्यात जातो. १९८२ मध्ये थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत सुरुंगाने पाय गेलेल्या कंबोडियन निर्वासितांसाठी दोन फ्रेंच डॉक्टरांनी जी संस्था सुरू केली (आज तिचं नाव ह्युमॅनिटी अँड इन्क्लुजन) त्यांनी तिथे मिळणाऱ्या साध्या सामानातूनच पाय बनवायला घेतले, कारण बाहेरून आणलेल्या वस्तूचा सुटा भाग छावणीत कुठून आणणार? पुढे त्यांच्या लक्षात आलं की नुसते पाय बनवून भागणार नाही, सुरुंगच बंद व्हायला हवेत. सुरुंगबंदीच्या ज्या मोहिमेला १९९७ चं शांततेचं नोबेल मिळालं तिच्या संस्थापकांत ही संस्थाही होती.

आता समावेशन, म्हणजे शाळेत, कामावर सगळ्यांबरोबर सामावून घेणं. माणूस खुर्ची चालवायला शिकला, हात मजबूत झाले, पण शाळेला तीन पायऱ्या आहेत. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १:१२ उताराने, म्हणजे एक भाग उंचीला बारा भाग लांबी धरून, रॅम्प करायचा तर १८० सेंटिमीटर लांबी लागते, मग तीन पायऱ्यांचा हिशोब करा, जागा कुठंय? आणि रॅम्प झाला तरी टॉयलेटचं दार अरुंद असतं, मग मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, युरिन इन्फेक्शन होतं, आई-वडील म्हणतात राहू दे शाळा. रेकॉर्डमध्ये ती ‘आजारपणामुळे गैरहजर’. चांगल्या संस्थेचा फिल्डवर्कर अशा वेळी शाळेत जाऊन टेप लावून दार मोजतो, हेडमास्तरांशी वाद घालतो, आणि हे काम फोटोत अजिबात चांगलं दिसत नाही.

२००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांगांच्या हक्कांचा करार मंजूर केला, त्याचं २६ वं कलम पुनर्वसनावर आहे आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की सेवा लवकरात लवकर सुरू व्हायला हवी आणि लोकांच्या राहत्या ठिकाणाच्या जितकी जवळ तितकी चांगली. कामाचा बराचसा भाग म्हणूनच घरोघर फिरण्याचा असतो. सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या बाळाला भरवताना कसं धरायचं हे आईला तिच्याच घरात, तिच्याच चटईवर दाखवलेलं लक्षात राहतं, सेंटरच्या गादीवरचं घरी गेल्यावर विसरलं जातं.

अजून एक, आणि हे मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नवीन पेशंट महिनोनमहिने माझं ऐकत नाही, पण तशीच इंज्युरी झालेला, नोकरी करणारा कुणी जुना माणूस समोर येऊन बसला आणि लघवीची पिशवी कशी सांभाळतो ते सरळ सांगू लागला की चेहराच बदलतो. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत एड रॉबर्ट्स, स्वतः पोलिओ झालेले, आणि त्यांच्या साथीदारांनी दिव्यांगांना स्वतंत्रपणे जगता यावं म्हणून जे सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग काढलं ते याच तत्त्वावर, चालवणारे दिव्यांगच.

तेव्हा देणगी देण्याआधी एवढं विचारा की तुमच्या स्टाफमध्ये आणि निर्णय घेणाऱ्यांत दिव्यांग किती, मागच्या वर्षी दिलेल्या खुर्च्यांपैकी आज वापरात किती, आणि मोडली तर माणसाने जायचं कुठे. गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरी संस्था शोधा. आणि जमल्यास पैसे नव्या खुर्च्यांसाठी न देता ट्यूब, बेअरिंग, कुशन आणि फिल्डवर्करच्या पगारासाठी द्या, या गोष्टींना देणगीदार मिळत नाहीत. न सांगता एकदा सेंटरला जाऊन या, वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आलेल्या जुन्या, झिजलेल्या खुर्च्या दिसल्या तर खुशाल चेक लिहा.