यवतमाळकडे खेड्यात १० मीटर एअर रायफलचा सराव करतो, गालाखाली चीकपीस कोणता लावू?

उंची खाली-वर करता येणारा, गुळगुळीत लाकडी किंवा कडक प्लास्टिकचा घ्या. गुबगुबीत फोमचा नको. मऊ गादीत गाल दर वेळी वेगळा रुततो, डोळा पीपसाइटच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या नेमाच्या बारीक भोकाच्या, मध्यावरून हलतो आणि छर्रा भरकटतो. शिवाय आपल्या मे महिन्यात फोम घामानं चिंब, वास वेगळाच. तालुक्याच्या रेंजवर पोरांना मी असं करायला लावतो: डोळे मिटा, मान ढिली सोडून गाल टेकवा, मग डोळे उघडा. नळीच्या टोकाची नेमाची रिंग त्या भोकात मधोमध दिसली की उंची जमली. मान ताणावी लागली तर चीकपीस अजून खाली-वर करा. रायफलच्या दस्त्याला उंची बदलायची सोयच नसेल तर पुठ्ठ्याचे थर ठेवून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळा. सरावाला चालतं, स्पर्धेत मात्र आधी उपकरण तपासणाऱ्यांना विचारा.