लुर्ड्सला जायचं का, हे आधी त्याला तर विचार

वसईहून एका मैत्रिणीचं चार पानी पत्र आलंय, थोडक्यात सांगते. तिचं वय ३८. नवऱ्याला सहा वर्षांपासून एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. आता काठीशिवाय चालता येत नाही, लांब जायचं तर व्हीलचेअर लागते. सासूबाईंनी ठरवलंय की मुलाला फ्रान्सला लुर्ड्सच्या मातेकडे न्यायचं (मरियामातेचं तीर्थस्थान, तिथल्या झऱ्याच्या पाण्याने आजारी बरे होतात अशी श्रद्धा आहे), त्यासाठी वाडीतला रस्त्याकडचा तुकडा विकायचा. १४ दिवसांची चार देशांची टूर, माणशी साडेतीन लाख, तिघं जाणार, आणि २० तारखेच्या आत माणशी ५० हजार भरायचे जे परत मिळणार नाहीत. त्यात प्रार्थना ग्रुपमधल्या एका बाईंनी सांगितलंय की जायच्या महिनाभर आधी इंजेक्शनं बंद करा, औषध चालू ठेवणं म्हणजे देवावर अविश्वास. ही लिहिते, "ताई, नाही म्हटलं तर मी वाईट सून. हो म्हटलं आणि तो बरा नाही झाला तर म्हणतील हिचीच श्रद्धा कमी पडली. आणि खरं सांगू का, मला पण आतून वाटतंच की कदाचित..."

अगं बाळा, ते "कदाचित" लिहून तू पुढे तीन टिंबं दिलीयेस ना, तिथे मी बराच वेळ थांबले. त्याची लाज नको बाळगूस. सहा वर्षं माणसाला उठवून बसवणारी, त्याच्या पायातल्या गोळ्यांवर रात्री दोनला तेल चोळणारी बाई आशा नाही ठेवणार तर कोण ठेवणार.

पण एक गोष्ट खटकली आणि तीच सगळ्यात आधी सांगते. चार पानांत सासूबाई काय म्हणतात ते आहे, नणंद काय म्हणते ते आहे, ग्रुपमधल्या बाई, टूरवाला, अगदी शेजारची मावशी पण आहे, फक्त तुझा नवरा काय म्हणतो ते कुठेच नाहीये! एकदाच येतो तो, "ते काही बोलत नाहीत" एवढ्या एका ओळीत. आजार त्याचा, शरीर त्याचं, जमीन त्याच्या बापाची, आणि त्याला कोणी विचारलेलंच नाही.

आता लुर्ड्सबद्दल. मी गेलेय तिथे, २०१४ साली, माझ्या मावशीला घेऊन. तिला कॅन्सर होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते, म्हणून जे सांगते ते पुस्तकातलं नाही. तिथे पहिल्याच दिवशी एक गोष्ट दिसते. आपल्याकडे लग्न असो, मिस्सा असो, आजारी माणूस मागच्या बाकावर नाहीतर घरी आतल्या खोलीत. लुर्ड्सला आजारी माणूस सगळ्यात पुढे! निळ्या छताच्या तीन चाकी गाड्या असतात, त्यात त्यांना बसवतात आणि कॉलेजातली पोरं, रिटायर झालेले आजोबा असे स्वयंसेवक त्या ओढतात, आणि धडधाकट माणसं मागून चालतात. रात्री नऊला मेणबत्त्यांची मिरवणूक निघते, कागदाच्या आडोशातल्या हजारो ज्योती आणि "आवे मारिया" म्हणताना सगळे हात एकदम वर. मावशी मला म्हणाली, "इथे कोणी माझ्याकडे बिचारी म्हणून बघत नाही गं, इथे माझ्यासारखीच सगळी." माता दिसली त्या गुहेच्या आतल्या खडकाला लोक हात लावत लावत पुढे जातात, इतक्या वर्षांच्या हातांनी तो दगड काळा गुळगुळीत झालाय, कायम ओलसर. तिने त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही, मागची रांग थांबली पण कोणी हूं की चूं केलं नाही. मग बाहेर येऊन म्हणाली, चहा मिळेल का कुठे.

आठ महिन्यांनी ती गेली. मी खूप चिडले होते तेव्हा, कारण मी तिकीट काढतानाच मनात सौदा करून बसले होते. तिने नव्हता केला. शेवटच्या दिवसांत ती त्या दगडाबद्दल बोलायची, बरं होण्याबद्दल नाही. म्हणून जाऊ नका असं मी तुला कधीच म्हणणार नाही.

पण सासूबाई ज्या झाँ-पिएर बेलीचं उदाहरण देतात ना, ते नीट समजून घे. खरं आहे, त्या फ्रेंच माणसाला एमएस होता, १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये तो लुर्ड्सला बरा झाला आणि चर्चने ते मान्य केलं. पण कधी? १९९९ मध्ये! इतकी वर्षं तपासण्या चालल्या. तिथे १८८३ पासून डॉक्टरांचं ऑफिस आहे, कोणी बरा झालो म्हणून आला की ते आधी आजाराचे जुने कागद मागतात, आजार नक्की होता का, औषधाने उतार पडला का, परत उलटला का, हे सगळं बघतात. सात हजारांहून जास्त लोकांनी बरं झाल्याचं तिथे नोंदवलंय, आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेत फक्त ७२. दरवर्षी लाखो लोक जातात तिथे, त्यातून माता दिसली त्या १८५८ सालापासून ७२. हे मी श्रद्धा मोडायला सांगत नाहीये, उलट चर्च स्वतः याबाबतीत किती जपून पाऊल टाकतं बघ, आणि आपल्याकडे कोणीतरी व्हॉट्सअॅपवर आठवड्याला तीन चमत्कार पाठवतं.

एमएसच्या बाबतीत तर जास्तच जपायचं, कारण बऱ्याच जणांत हा आजार मुळातच लाटांसारखा येतो, एक अटॅक येतो, काही आठवड्यांनी आपोआप ओसरतो. उतार नेमका तिथून आल्यावर पडला तर घरातले म्हणतील झालं, बरा झाला, आणि औषध बंद. आणि औषध बंद करणं हीच या सगळ्या प्रकरणातली खरी भीतीची गोष्ट आहे. यातली काही औषधं अचानक सोडली तर आजार जास्त जोराने उसळू शकतो आणि मग गेलेली ताकद परत येईलच असं नाही. एक दिवसही चुकवायचं नाही. त्या बाईंना काय उत्तर द्यायचं विचारतेस ना? सांग की लुर्ड्सच्या डॉक्टरांनाच आजाराची फाइल लागते, तिथे कोणी औषध सोडून या असं म्हणत नाही. तरी ऐकलं नाही तर तुमच्या फादरना घरी बोलव आणि सासूबाईंसमोर त्यांनाच विचार. तुझं ऐकणार नाहीत त्या, फादरांचं ऐकतील.

आणि "श्रद्धा कमी पडली" हे जे तुझ्या डोक्यावर टांगून ठेवलंय त्याबद्दल. जिला माता दिसली ती बर्नादेत, १४ वर्षांची गिरणीवाल्याची पोर, लहानपणापासून दम्याची. तो झरा तिच्याच हातांनी उकरून सापडला. ती पुढे फ्रान्समधल्याच नेव्हर गावच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर झाली, हाडात क्षय शिरला, आणि ३५ व्या वर्षी गेली, १८७९ मध्ये. तिची श्रद्धा कमी पडली म्हणायची का कोणाची छाती आहे? मग तुझी कोण मोजतंय. सासूबाईंना हे सांगताना भांडणाच्या सुरात सांगू नकोस, रोझरी झाल्यावर शेजारी बसून सांग. त्या पण आई आहेत गं. ७० वर्षांच्या बाईला मुलाला रोज काठीवर बघायचं आणि हातात करण्यासारखं काहीच नाही, म्हणून त्या जमीन विकायला निघाल्यात.

जमीन मात्र विकायची नाही, यावर मी ठाम आहे. हा आजार पुढची ३० वर्षं तुमच्या घरात राहणार, इंजेक्शनं, फिजिओ, घरात रॅम्प, बाथरूमला धरायला दांडे, उद्या तुला कामाला जायचं तर त्याच्याजवळ कोणी माणूस, हे सगळं त्या तुकड्यातून उभं राहू शकतं.

टूरचं म्हणशील तर ती तर नकोच. १४ दिवसांत चार देश, रोज पहाटे बॅगा बाहेर काढायच्या, आठ आठ तास बस, एमएसच्या माणसाचा थकवा तुला मी सांगायला नको, तो तिसऱ्या दिवशी कोलमडेल आणि लुर्ड्सला मिळणार जेमतेम दीड दिवस. त्याला जायचंच असेल तर फक्त लुर्ड्स करा, चार-पाच दिवस तिथेच रहा. पॅरिसहून सरळ ट्रेन आहे, पाचेक तासांची. आजारी लोकांसाठी तिथे तीर्थस्थानातच राहायची सोय आहे, त्यासाठी आधी लिहून विचारावं लागतं, फादरांकडून लिहून घेतलं तर सोपं जाईल. झऱ्याच्या पाण्याला पैसे पडत नाहीत, नळ आहेत, कोणी विकत असेल तर घेऊ नका, बाहेर दुकानात मिळते ती नुसती बाटली. उन्हाळ्यात जुलै-ऑगस्टला नको, गरमीने त्याचं अंग जास्त जड पडेल, मे नाहीतर सप्टेंबर बरा. आम्ही गेलो तेव्हा ओल्या चादरीत गुंडाळून कुंडात उतरवायचे, दोन बाया दोन्हीकडून धरून, पाणी असं गार की श्वास अडकतो. कोविडनंतर बरेचदा नुसतं हात-तोंड धुवून ओंजळीने प्यायला देतात. कुंड असलं तरी न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय उतरवू नका, थंडीने पाय आखडतात. डॉक्टरांकडून औषधांच्या नावांची इंग्रजी चिठ्ठी घ्या, इंजेक्शनं थंड पिशवीत हातातल्या बॅगेत. शेंगेन व्हिसाला ३० हजार युरोचा इन्शुरन्स लागतोच, पण जुना आजार त्यात धरलाय का ते स्वतः वाचून बघ, बहुतेक वेळा नसतो, एजंट नुसतं हो हो म्हणतो.

हे सगळं मात्र नंतर. आज रात्री मुलं झोपली की त्याच्याजवळ बस आणि विचार, "तुला जायचंय का?" आणि गप्प रहा. तो लगेच बोलणार नाही, तू मधे बोलू नकोस. कदाचित म्हणेल जायचंय, आईसाठी. कदाचित म्हणेल मला नुसतं आपल्या वसईच्या रमेदी मातेच्या चर्चला ने, मागे बसव, कोणी डोक्यावर हात ठेवायला येऊ नका. कदाचित रडेल. जे म्हणेल ते मला कळव. २० तारीख जाऊ दे, टूरवाले दर सीझनला नवीन तारीख काढतात.